थोरला, धाकटा आणि पुसलेला मार्कर

कोरोनाच्या टेस्टला घशात काडी घालायचं काम माझं नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. गावात अजून काही बायका समजतात की त्यांच्या पोरांच्या नाकात मीच काडी घातली. मी फक्त नावं आणि नंबर लिहिले. आणि त्यातलेच दोन चुकवले.

डिसेंबर २०२१ ची गोष्ट. आमचं गाव कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, जंगलाच्या अंगाला. सुगी संपत आलेली, खळ्यावर मळणी चालू. शाळा सरकारी मराठी, पहिली ते सातवी. सहावी-सातवी सप्टेंबरात उघडली होती आणि पहिली ते पाचवी २५ ऑक्टोबरला. बिसियूट, म्हणजे शाळेतलं दुपारचं जेवण, पुन्हा शिजायला लागलं होतं आणि दुपारी सांबाराचा वास आमच्या परड्यापर्यंत यायचा. पोरं घरात नाहीत या सुखाची आम्हाला नुकती कुठं सवय लागत होती. एवढ्यात एका शिक्षकांना ताप भरला आणि दोन दिवसांनी रिपोर्ट आला पॉझिटिव्ह.

एरवी कदाचित पाच-सात पोरं तपासून भागलं असतं. पण त्याच्या थोडंच आधी धारवाडच्या एका मेडिकल कॉलेजात कार्यक्रम झाला होता आणि त्यातून २८१ जण पॉझिटिव्ह निघाले होते. शिवाय २ डिसेंबरला देशातले पहिले दोन ओमिक्रॉनवाले सापडले, तेही बेंगळूरलाच. त्यामुळं आरोग्य खात्याची माणसं कुठलीच गोष्ट उद्यावर टाकायला तयार नव्हती. सगळी शाळा तपासायची, असं ठरलं.

संध्याकाळी हेडमास्तरांचा फोन. "वहिनी, तुम्हाला कन्नड वाचाय-लिहाय येतं न्हवं?"

माझं माहेर हुबळी. येतं.

"दवाखान्याची माणसं तीनच येणार. पोरं शंभरावर. नावं घालायला कोणतरी पाहिजे. तुम्ही एसडीएमसीत, शाळेच्या समितीत पण आहात..."

मी हो म्हणाले ते सेवाभावानं वगैरे नाही. माझी दोन्ही पोरं त्याच शाळेत. म्हटलं, तिथं असले तर निदान कळेल तरी काय चाललंय. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, चुलीपुढनं बोलल्या, "काडी त्यांची, दवाखाना त्यांचा. तू कशाला मधी?" नवरा गोव्यात वेर्ण्याला कंपनीत. त्यांना फोनवर सांगितलं तर त्यांनी एकच विचारलं, मास्क देणार काय? बारावी झालेला आणि पोलीस भरतीसाठी रोज पहाटे पळणारा गावातला एक पोरगाही तयार झाला. म्हणजे आम्ही दोघं.

प्राथमिक आरोग्य केंद्रात अर्ध्या तासाचं शिकवणं झालं. लॅबवाले अण्णा मूळचे गोकाककडचे, मराठी कळायचं पण बोलताना अडखळायचे. त्यांनी टेबलावर सामान मांडलं. बारीक प्लास्टिकची काडी, टोकाला नायलॉनचं ब्रशसारखं. झाकणाची नळी, आत गुलाबी पाणी. ते व्हीटीएम, म्हणजे व्हायरस लॅबला पोचेपर्यंत टिकावा म्हणून. आधी घसा, मग नाक, काडी नळीत टाकून खाच असते तिथं मोडायची, झाकण घट्ट. नाकातली काडी वर डोक्याकडं जात नाही, सरळ मागं, कानाच्या रोखानं जाते. हे त्यांनी स्वतःच्या नाकाशी बोट धरून दाखवलं आणि मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं की नाकाचं भोक वर जात नाही. दुसऱ्या दिवशी निम्म्या आयांना मी हेच बोट धरून दाखवत होते.

गाऊन घालणं सोपं, काढणं अवघड. घालताना कुणी बघत नाही, काढताना अण्णांनी मला तीनदा परत घालायला लावला. हातमोज्याची बाहेरची बाजू आत गेली पाहिजे, तोंडाला हात नाही, मास्क सगळ्यात शेवटी.

मग सह्या. पालकांची संमती पाहिजे. त्या संध्याकाळी आशाताई आणि मी घरोघरी फिरलो, आणि मला गाव नव्यानं कळलं. आमच्या भागात ही टेस्ट आजारासाठी असते, असं कुणाच्या डोक्यातच नव्हतं. टेस्ट असायची ती बॉर्डरसाठी. महाराष्ट्रातनं येताना कोगनोळी नाक्यावर ७२ तासांच्या आतला निगेटिव्ह रिपोर्ट दाखवायचा. कोल्हापूरला लग्नाला गेलं की परतीला नाकात काडी, मयताला गेलं तरी काडी. एका आजोबांनी मला सरळ विचारलं, "पोरगं कुठं जाणार हाय? टेस्ट कशाला?" कुठंच जाणार नाही, हे सांगितल्यावर ते जास्तच बुचकळ्यात पडले.

भीती निराळीच होती. मे २०२० मध्ये मुंबई-पुण्याहून आलेल्यांना सेवा सिंधूचा, म्हणजे सरकारी वेबसाईटवरचा, पास काढून गावात घ्यायचे आणि आधी क्वारंटाईन करायचे. कुठं? आमच्या शाळेत. माझा चुलत दीर सातवीच्या वर्गात बाकं जोडून झोपला होता, आणि त्याची आई डबा कंपाउंडच्या भिंतीवर ठेवून लांबनं ओरडायची. गावातल्या पोरांनी ते सगळं बघितलेलं. त्याच शाळेत आता टेस्ट, म्हटल्यावर आया विचारत होत्या, "पॉझिटिव्ह आलं तर तिथंच ठेवून घेणार काय?" नाही, घरातच ठेवायचं, वेगळ्या खोलीत, दहा दिवस. "वेगळी खोली कुठली गे बाई," एकजण म्हणाली, "आमच्यात सात माणसं आणि दोन खोल्या, त्यातली एक म्हशीची." याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. आशाताईकडंही नव्हतं. तिनं कागद पुढं केला, बाईनं अंगठा उठवला.

आता ओटीपी. नाव मोबाईलवरच्या ॲपमध्ये घालायचं, मग पालकाच्या फोनवर ओटीपी येणार, तो घातला की एसआरएफ नंबर मिळणार, तेरा आकडी. तो नंबर म्हणजेच ते पोरगं. लॅबमध्ये नावानं कोण ओळखत नाही. आमच्या गावात नेटवर्क फक्त देवळामागच्या टेकाडावर येतं. ऑनलाईन शाळेच्या काळात पोरं तिथंच छत्र्या घेऊन बसायची. म्हणून मी टेकाडावर, मांडीवर वही, एका हातात दवाखान्याचा फोन, दुसऱ्यात माझा. आणि पोरांचे बाप कुठं? एक गोव्यात गवंडीकामावर, एक बेळगावात उद्यमबागच्या फौंड्रीत सेकंड शिफ्टला, एक पुण्याला. घरात असलेला फोन आईचा, पण नोंदवलेला नंबर बापाचा. मग मी फोन करायची:

"दाजी, आता तुमच्या मोबाईलवर नंबर येईल, तो सांगा."

"ओटीपी कुणाला सांगू नका म्हणत्यात."

"मी तुमच्या शेजारच्या घरची सून बोलतेय!"

"आवाज बदलून बोलत्यात हो ते."

याला काय म्हणणार! खरं तर तो माणूस शंभर टक्के बरोबर वागत होता. शेवटी त्याच्या बायकोला टेकाडावर बोलवून आणून तिचा आवाज ऐकवला. तोवर ओटीपीची वेळ संपली.

स्पेलिंगचा आणखी एक ताप. गावात ज्ञानेश्वर नावाची चार पोरं. शाळेच्या दाखल्यावर, मराठी वळणानं, इंग्रजी स्पेलिंग 'डी-एन-वाय'नं सुरू. आधार कार्डावर, कन्नड वळणानं, 'जे-एन'नं. दोन्ही एकाच पोराचे कागद. आमच्या जिल्ह्यात निम्म्या माणसांची अशी दोन-दोन नावं आहेत, आणि बँकेत, रेशनला, पेन्शनला आम्ही त्यापायी खेटे घालत असतो. अण्णा म्हणाले, आधारप्रमाणं घाला. घातलं. चारही ज्ञानेश्वर त्या रात्री कन्नड झाले.

रात्री नऊपर्यंत टॉर्चच्या उजेडात ७१ नावं झाली, उरलेली पहाटे. थंडीनं बोटं आखडलेली, आणि खाली पोलीस भरतीवाला पोरगा माझ्यासाठी चहाची किटली घेऊन उभा.

दुसऱ्या दिवशीची मांडणी मात्र झकास केली, आणि याचं श्रेय त्या पोराला. त्यानं एकच सांगितलं: आत जायचं दार वेगळं, बाहेर पडायचं वेगळं. रडत आलेलं पोरगं रांगेतल्या पोरांना दिसता कामा नये. सातवीच्या वर्गाला मागं दार होतं, ते बाहेर पडायला ठेवलं. रांग पुढच्या व्हरांड्यात, सहा-सहा फुटांवर चुन्याचे गोल. पहिला नंबर कुणाचा? सहावीतली एक पोरगी आहे, कबड्डीत पोरांचे पाय धरून ओढते. तिला पहिली धाडली. मागच्या दारानं बाहेर पडून, फेरी मारून ती पुढं आली. डोळ्यांत पाणी, तोंडावर हसू. "नुसती शिंक येतंय रे, काय नाही." आम्ही काल घरोघरी फिरून जे केलं नव्हतं ते तिनं चार शब्दांत केलं.

आत मी टेबलाशी. पोरगं आलं की नाव विचारायचं, वहीत बघायचं, एसआरएफ नंबर नळीवर लिहायचा, नळी अण्णांपुढच्या स्टँडवर. अण्णा गाऊनमध्ये, फक्त डोळे दिसत होते. दुसरीतलं एक बारकं पोरगं खुर्चीत बसलं. अण्णा म्हणाले, "बायी तेगी."

पोरानं वळून बाईंकडं बघितलं.

"बायी, बायी तेगी!"

पोरगं आता घाबरून बाईंना हाक मारायला लागलं, "ओ बाई!" आणि बाई व्हरांड्यातनं आत डोकावल्या, "काय झालं?" कन्नडात बायी म्हणजे तोंड, तेगी म्हणजे उघड. पोराला वाटलं हा विचित्र दिसणारा माणूस आपल्या बाईंनाच बोलावतोय. मी हसले तर फेसशील्डवर वाफ धरली आणि मला पुढची दोन मिनिटं काही दिसलं नाही. अण्णांना समजावल्यावर ते इतके हसले की काडी बाजूला ठेवून थांबावं लागलं. त्यानंतर त्यांनी मराठी शब्द पाठ केला, "आऽ कर, आऽ कर", आणि शेवटपर्यंत तोच वापरला. पोरांना मात्र 'बायी तेगी'च आवडलं. महिनाभर ती एकमेकांना बायी तेगी म्हणत फिरत होती.

मोठ्या पोरांना आम्ही पाढा दिला. डोळे मीट, मनात बेचा पाढा म्हण. बे पंचे दहापर्यंत पोचायच्या आत काम झालेलं असायचं. माझ्या धाकटीनं घरी येऊन तक्रार केली, माझा पाढा पुराच झाला नाही.

आता ती चूक.

अकरा वाजले, ऊन चढलं. प्लास्टिकच्या गाऊनमध्ये डिसेंबरातही घाम गळतो. हातमोजे घातलेल्या हातानं पेन घसरतं म्हणून मला जाड पर्मनंट मार्कर दिला होता. प्रत्येक पोरानंतर हातमोज्यांवर सॅनिटायझर चोळायचं. आणि मला हे माहीत नव्हतं, म्हणजे डोक्यात आलं नाही, की पर्मनंट मार्कर पाण्याला दाद देत नाही पण सॅनिटायझरमधल्या अल्कोहोलनं विरघळतो. ओल्या हातमोज्यानं नळी उचलली की शेवटचे आकडे निळ्या ढगासारखे पसरायचे. पहिल्या पाच-सहा नळ्या वेळीच दिसल्या, लगेच दुरुस्त केल्या. मग वाटलं, आता कळलं, आता जपू.

शाळेत एकाच नावाचे, एकाच आडनावाचे दोघं आहेत. एक सातवीत, एक पाचवीत. नाव इथं लिहीत नाही. गावात त्यांना थोरला आणि धाकटा म्हणतात, भाऊ नसूनही. दोघं मित्र, म्हणून रांगेत एकामागं एक. दोघांचे नंबरही टेकाडावर एकामागं एक घातलेले, त्यामुळं तेरापैकी पहिले अकरा आकडे एकच. दोघांच्या नळ्या स्टँडवर शेजारी, आणि दोन्हींचे शेवटचे आकडे पसरलेले. मी दोन्ही उचलल्या, पुसल्या, वहीत बघून पुन्हा लिहिलं. कुठली नळी पुढची आणि कुठली मागची, हे मी डोक्यात धरलं होतं. तेवढ्यात कुणीतरी ओकलं, गडबड झाली. परत वळले तेव्हा मी खात्रीनंच लिहिलं. ती खात्रीच चुकीची होती.

दुपारी अडीचला शेवटचं पोरगं झालं. नळ्या तीन थरांत बांधल्या, आईस पॅकच्या डब्यात घातल्या, आणि जीप बेळगावला गेली. शाळेतल्या बायकांनी आम्हाला भात-सांबार वाढलं. मी गाऊन, यावेळी एकदाच, बरोबर काढला आणि भिंतीला टेकून झोपले.

तिसऱ्या दिवशी सकाळी मेसेज आले. तीन पॉझिटिव्ह. खात्याच्या हिशोबानं तीन म्हणजे क्लस्टर, एका जागी झालेला फैलाव, शाळा बंद. तिघांत पाचवीतला धाकटा. त्याच्या बापाला फौंड्रीत मेसेज गेला, त्यानं घरी फोन केला, आणि अर्ध्या तासात सगळ्या गावाला कळलं. मी जीव तोडून सांगितलेलं, नावं फुटायची नाहीत. पण फोन आईनं परड्यात उभं राहून घेतलेला. धाकट्याला गोठ्याच्या माळ्यावर झोपवलं. त्यांच्या म्हशीचं दूध पाच घरी जायचं, दुसऱ्या दिवशी पाचही घरांनी नको म्हटलं. त्यात एक घर आमचंही होतं. आत्यांनी मला न विचारता नको सांगितलं होतं.

धाकटा माळ्यावरनं आंब्याच्या फांदीवर उतरून विटी-दांडू खेळायला पळायचा. त्याला काहीच होत नव्हतं. आणि निगेटिव्ह आलेला थोरला तापानं फणफणलेला, त्याला पेज गोड लागते की खारट ते कळत नव्हतं. हे लक्षात आलं आशाताईच्या. ती दोन्ही घरी ऑक्सिमीटर घेऊन जात होती. चौथ्या दिवशी ती आमच्या दारात उभी राहिली आणि आत न येता म्हणाली, "अक्का, ती वही जरा बघूया?"

वही बघण्याआधीच माझ्या पोटात गोळा आला. मला तो निळा ढग दिसला.

मी अण्णांना फोन केला आणि सगळं सांगितलं. ते रागावतील म्हणून मी तयार होते. ते गप्प राहिले, मग कन्नडात म्हणाले, नाळे बरतीनि, उद्या येतो. आले, दोघांचे परत नमुने घेतले, नळीवर कागदी टेप चिकटवून बॉलपेननं स्वतः लिहिलं. रिपोर्ट उलटे आले. थोरला पॉझिटिव्ह, धाकटा निगेटिव्ह. थोरला चार दिवस सगळ्या घरात मिसळला होता आणि घरात त्याची ऐंशीची आजी. ते चार दिवस मी कसे काढले ते मला लिहिता येत नाही. आजीचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. तिला लशीचे दोन्ही डोस झाले होते. त्यामुळं की नशिबानं, मी कसं सांगणार?

धाकट्याच्या घरी मी स्वतः गेले. त्याची आई शेणी थापत होती, हात न थांबवता ऐकून घेतलं. मी म्हटलं, चूक दवाखान्याची नाही, लॅबची नाही, माझी. ती म्हणाली, "चूक झाली ती झाली. पण दूध नको म्हणायला तुमच्या घरनंबी माणूस आलतं, ते काय मार्करनं पुसलं नव्हतं." मी त्या दिवसापासून दूध तिच्याकडनंच घेते. आत्या पहिले आठ दिवस त्या दुधाचा चहा प्यायल्या नाहीत, मग प्यायल्या.

जानेवारीत तिसरी लाट आली. वेगळं राहायचे दिवस दहाचे सात झाले, आणि शाळेत पुन्हा तपासणी लागली. मला वाटलं यावेळी मला कोण बोलवणार नाही. हेडमास्तरांचाच फोन. "वहिनी, तुम्हाला आता चूक कुठं होते ते ठाऊक हाय. नवीन माणसाला ते परत शिकायला लागंल."

यावेळी मी शाळेच्या कपाटातनं कागदी टेप, दोन बॉलपेन घेतली. टेप सुक्या हातानं आदल्या रात्रीच लिहून, वहीत पोराच्या नावासमोर चिकटवून ठेवल्या. नंबर, इयत्ता, बापाचं नाव आणि मोबाईलचे शेवटचे चार आकडे. दुसऱ्या दिवशी फक्त सोलून नळीला लावायच्या. पोरगं समोर असतानाच, आणि त्याला मोठ्यानं वाचून दाखवून. वेळ दुप्पट लागला. अण्णांनी घड्याळ बघितलं, बोलले नाहीत.

रांगेत थोरला आला. मास्क नाकाखाली, उंची दोन बोटं वाढलेली. मी वही उघडायच्या आत त्यानंच हात वर केला आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाला, "काकू, मी सातवीतला. पाचवीतला तिकडं हाय, त्या गोलात. बघून घ्या."